एका बेसचा बदल: प्लाज्मिडमधील जनुकात नेमके उत्परिवर्तन कसे घडवावे

एखाद्या प्रथिनातील विशिष्ट अमिनो आम्ल त्याच्या कार्यासाठी खरोखर आवश्यक आहे की नाही, हे ठरवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तेवढे एकच अमिनो आम्ल बदलून प्रथिनाचे काय होते ते पाहणे. त्यासाठी जनुकाच्या नेमक्या जागेवरचा एक किंवा दोन बेस बदलावे लागतात, आणि बाकीचा सारा डीएनए जसाच्या तसा ठेवावा लागतो. या तंत्राला स्थाननिर्देशित उत्परिवर्तन म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र सगळे 'साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिस' असेच म्हणतात. ज्यांनी प्लाज्मिड वेगळे करणे, पीसीआर लावणे आणि जेल चालवणे या गोष्टी केल्या आहेत, पण हे काम प्रथमच हाती घेतले आहे, अशा एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या प्रयोगातील यंत्रावरचा भाग सोपा आहे आणि तो बहुतेक वेळा ठरल्याप्रमाणे पार पडतो. निकाल ठरतो तो त्याच्या आधी, क्रम वाचून प्राइमर आखताना, आणि त्याच्या नंतर, नियंत्रण प्लेटा वाचताना. म्हणून या लेखात त्या दोन भागांना जास्त जागा दिली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात

१९७८ मध्ये व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्मिथ यांनी क्लाइड हचिसन आणि इतर सहकाऱ्यांसह, फाय-एक्स-१७४ या जीवाणूभक्षक विषाणूच्या डीएनएमध्ये कृत्रिम ऑलिगोन्यूक्लिओटाइड वापरून हवा तोच बदल घडवून दाखवला. कल्पना साधी होती: मूळ क्रमाशी एक बेस वगळता जुळणारा छोटा धागा एकेरी डीएनएला चिकटवायचा आणि पॉलिमरेजकडून उरलेला धागा पूर्ण करून घ्यायचा. या कामासाठी स्मिथ यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पीसीआरचे जनक कॅरी मलिस यांच्यासह विभागून मिळाले. ही जोडी योग्यच म्हणावी लागेल, कारण आजची पद्धत या दोघांच्या कल्पना एकत्र आल्यावरच इतकी सोपी झाली.

मूळ पद्धतीची अडचण अशी होती की मूळ धागा आणि बदललेला धागा असे दोन्ही पेशीत जात आणि वसाहतींमध्ये मूळ क्रमाच्याच अधिक निघत. १९८५ मध्ये थॉमस कुंकेल यांनी मूळ धाग्यात युरॅसिल भरून पेशीलाच तो नष्ट करायला लावण्याची युक्ती काढली. पुढे १९९०च्या दशकात स्ट्रॅटाजीन कंपनीच्या 'क्विकचेंज' या संचाने, संपूर्ण प्लाज्मिडची प्रत पीसीआर यंत्रात काढून मूळ प्लाज्मिड डीपीएन-१ या एन्झाइमने कापून टाकण्याची रीत रूढ केली. आपण हीच रीत शिकणार आहोत. संच विकत घेण्याची गरज नाही. त्यातील घटक सुटे घेऊन हे काम तितकेच चांगले होते.

कोणते उदाहरण घ्यावे

शिकण्यासाठी असे प्रथिन घ्यावे की ज्यातील बदल डोळ्यांना दिसेल. हिरवे प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे जीएफपी, यासाठी उत्तम आहे. इक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधील या प्रथिनाचे जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये क्लोन केले. त्यात २३८ अमिनो आम्ले असून ६५व्या जागेवरचे सेरीन, ६६व्या जागेवरचे टायरोसिन आणि ६७व्या जागेवरचे ग्लायसिन मिळून त्याचा प्रकाश देणारा भाग बनतो. यातील टायरोसिनच्या जागी हिस्टिडिन आणले की प्रकाश हिरव्याऐवजी निळा होतो. हा बदल रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल ओसामू शिमोमुरा आणि मार्टिन शाल्फी यांच्याबरोबर त्सिएन यांना मिळाले, ते जीएफपीवरील कामासाठीच.

अनेक महाविद्यालयांत प्रात्यक्षिकासाठी बायो-रॅडचे पी-ग्लो हे प्लाज्मिड असते. त्याची लांबी ५,३७१ बेस-जोड्या आहे, त्यात ॲम्पिसिलीन-रोधक जनुक आहे, आणि जीएफपीचे जनुक अरॅबिनोज या शर्करेच्या उपस्थितीतच चालू होते. पुढचे सर्व आकडे या प्लाज्मिडला धरून दिले आहेत.

पहिली पायरी: क्रम वाचणे

प्लाज्मिडचा पूर्ण क्रम संगणकावर उघडा आणि ज्या कोडॉनमध्ये बदल करायचा तो स्वतः मोजून काढा. मूळ जीएफपी जनुकात ६४ ते ६७ क्रमांकांचे कोडॉन टीटीसी, टीसीटी, टीएटी, जीजीटी असे आहेत. टायरोसिनचा कोडॉन टीएटी, हिस्टिडिनचा सीएटी. म्हणजे एकच बेस, टीच्या जागी सी, बदलायचा आहे.

येथे नवख्यांची हमखास फसगत होते. ईजीएफपी हे आज सर्वाधिक वापरले जाणारे रूप मानवी पेशींना सोयीचे कोडॉन घालून बनवले आहे. त्यात ६६वा कोडॉन टीएटी नसून टीएसी आहे आणि आजूबाजूचा क्रमही बराच वेगळा आहे. शिवाय त्याच्या सुरुवातीला एक जादा अमिनो आम्ल घातलेले आहे, पण क्रमांक मात्र जुन्याच हिशेबाने सांगितले जातात. म्हणजे शोधनिबंधात '६६वे टायरोसिन' वाचून तुम्ही ईजीएफपीच्या जनुकातील पहिल्या मेथिओनिनपासून ६६ कोडॉन मोजलेत, तर एका जागेने चुकाल. क्रमांकावर विश्वास ठेवण्यापेक्षा शेजारची अमिनो आम्ले जुळतात का, हे पाहणे केव्हाही सुरक्षित.

दुसरी पायरी: प्राइमर आखणे

या पद्धतीत परस्परांना पूर्णपणे पूरक असे दोन प्राइमर लागतात, आणि दोन्हींमध्ये हवा तो बदल मध्यभागी असतो. प्राइमरची लांबी साधारण २५ ते ४५ बेस असावी, बदलाच्या दोन्ही बाजूंना किमान १० ते १५ बेस अचूक जुळणारे असावेत, जी आणि सी मिळून ४० टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असावेत, आणि टोकाला जी किंवा सी असावा. वितळण्याचे तापमान या कामासाठी नेहमीच्या सूत्राने काढू नये. येथे ८१.५ मध्ये जी-सीच्या टक्केवारीची ०.४१ पट मिळवायची, त्यातून ६७५ भागिले प्राइमरची लांबी वजा करायची, आणि न जुळणाऱ्या बेसची टक्केवारीही वजा करायची. उत्तर ७८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक यायला हवे.

आपल्या उदाहरणात हा हिशेब करून पाहू. बदलाच्या दोन्ही बाजूंचे १२-१४ बेस घेऊन २७ बेसचा प्राइमर केला, तर तापमान जेमतेम ६९.५ अंश येते, कारण जीएफपीच्या या भागात ए आणि टी फार आहेत. म्हणून तो दोन्हीकडे वाढवत न्यावा लागतो. ४० बेसला पोहोचल्यावर पुढील क्रम मिळतो:

पाच-प्राइम टोक: सीए सीटीटी जीटीसी एसीटी एसीटी टीटीसी टीसीटी सीएटी जीजीटी जीटीटी सीएए टीजीसी टीटीटी टीसी

यात बदललेला सी बरोबर २१वा आहे. त्याच्या आधी २० आणि नंतर १९ बेस आहेत. जी आणि सी मिळून १६, म्हणजे ४० टक्के. तापमान: ८१.५ अधिक १६.४, वजा १६.९, वजा २.५, म्हणजे सुमारे ७८.५ अंश. दोन्ही टोकांना सी आहे. दुसरा प्राइमर याचाच उलट पूरक:

पाच-प्राइम टोक: जीएए एएजी सीएटी टीजीए एसीए सीसीए टीजीए जीएजी एएए जीटीए जीटीजी एसीए एजीटी जी

हा दुसरा क्रम हाताने लिहून काढा आणि मग संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहा. उलट पूरक काढताना क्रम उलटवायचा राहून नुसता पूरक मागवला जाणे, ही या कामातील सर्वांत महागडी चूक आहे. ती प्राइमर हाती येईपर्यंत आणि प्रयोग फसेपर्यंत लक्षात येत नाही.

बदल तपासणे सोपे जावे म्हणून प्राइमरमध्येच, अमिनो आम्ल न बदलणारा आणखी एक बदल घालून निर्बंधक एन्झाइमची जागा निर्माण करण्याची पद्धत आहे. येथे ६५व्या सेरीनचा टीसीटी बदलून टीसीसी केला, तर टीसीसी-सीएटी-जीजी या ओळीत सीसीएटीजीजी, म्हणजे एनसीओ-१ ची जागा, आपोआप तयार होते. कल्पना मोहक आहे, पण संपूर्ण जनुक पाहिले की लक्षात येते की ५६व्या आणि ५७व्या कोडॉनवर, म्हणजे अवघे २९ बेस अलीकडे, एनसीओ-१ ची जागा आधीपासूनच आहे. कापल्यावर मिळणारा २९ बेसचा तुकडा साध्या ॲगारोज जेलवर दिसणार नाही. अशी युक्ती योजण्याआधी ती जागा प्लाज्मिडमध्ये इतरत्र कोठे आहे, हे पाहावेच.

प्राइमर मागवताना शुद्धीकरणाचा पर्याय निवडावा लागतो. रासायनिक संश्लेषणात दर बेसला ९९ टक्के यश धरले, तरी ४० बेसच्या प्राइमरमध्ये पूर्ण लांबीचे रेणू सुमारे दोन-तृतीयांशच असतात. उरलेले अपुरे रेणू साध्या पीसीआरमध्ये फारसे त्रास देत नाहीत, पण येथे प्राइमरचा प्रत्येक बेस अंतिम प्लाज्मिडचा भाग होतो. म्हणून ४० बेस किंवा अधिक लांबीच्या प्राइमरसाठी एचपीएलसी किंवा जेल-शुद्ध प्रत घ्यावी, असे माझे मत आहे. चार पैसे जास्त जातात, पण सिक्वेन्सिंगच्या दोन फेऱ्या वाचतात.

प्राइमर सुक्या रूपात येतात. झाकण उघडण्यापूर्वी नळी क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर तळाशी न बसलेली भुकटी झाकणाबरोबर उडून जाते. नळीवर जितके नॅनोमोल लिहिले असतील, त्याच्या दहापट मायक्रोलीटर निर्जंतुक पाणी घातले की १०० मायक्रोमोलरचा साठा होतो. त्याची दहापट सौम्य प्रत रोजच्या वापराला काढून ठेवावी.

तिसरी पायरी: टेम्पलेट (ज्याची प्रत काढायची ते मूळ प्लाज्मिड)

टेम्पलेट प्लाज्मिड ई. कोलायच्या ज्या वाणातून काढले, त्या वाणावर पुढचे सारे अवलंबून आहे. डीपीएन-१ हे एन्झाइम जीएटीसी हा क्रम कापते, पण त्यातील ए मिथिलयुक्त असेल तरच. ही मिथिल-खूण जीवाणूतील डॅम मिथिलेज लावते. डीएच-५-अल्फा, एचबी-१०१ आणि एक्सएल-१-ब्लू या वाणांत ते असते. जेएम-११० मध्ये नसते. त्या वाणातून काढलेले प्लाज्मिड वापरले, तर डीपीएन-१ त्याला हातही लावणार नाही आणि प्लेट मूळ प्लाज्मिडच्या वसाहतींनी भरून जाईल. पीसीआर यंत्रात तयार झालेल्या नव्या धाग्यांवर मिथिल-खूण नसते, म्हणून ते वाचतात. सारी निवड एवढ्या एका फरकावर उभी आहे.

प्लाज्मिड ताजे असावे, आणि २६० व २८० नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास असावे. त्याची २५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलीटर अशी सौम्य प्रत करून घ्या. टेम्पलेट जास्त घातले की काम नक्की होईल, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात १० ते ५० नॅनोग्रॅम पुरतात, आणि त्यापेक्षा जास्त घातले तर डीपीएन-१ ला कापायचा डीएनए तेवढा वाढतो.

चौथी पायरी: अभिक्रिया लावणे

बर्फावर ठेवलेल्या पातळ भिंतीच्या नळीत ४० मायक्रोलीटर पाणी, पॉलिमरेजबरोबर आलेला दहापट तीव्रतेचा बफर ५ मायक्रोलीटर, टेम्पलेट १ मायक्रोलीटर, दोन्ही प्राइमरच्या १० मायक्रोमोलर द्रावणांपैकी प्रत्येकी १ मायक्रोलीटर, आणि चारही न्यूक्लिओटाइड प्रत्येकी १० मिलिमोलर असलेले मिश्रण १ मायक्रोलीटर घाला. प्राइमरचे १ मायक्रोलीटर म्हणजे १० पिकोमोल; ४० बेसच्या प्राइमरसाठी हे सुमारे १२५ नॅनोग्रॅम होतात, आणि जुन्या कृतींमध्ये हाच आकडा दिलेला असतो. शेवटी पीएफयू पॉलिमरेज १ मायक्रोलीटर, म्हणजे साधारण २.५ एकक. एकूण ५० मायक्रोलीटर होतात.

पॉलिमरेज शेवटीच घालण्याला कारण आहे. पायरोकॉकस फ्युरिओसस या उष्णताप्रिय सूक्ष्मजीवातून मिळालेले पीएफयू चुकीचा बेस मागे जाऊन कापते, आणि न्यूक्लिओटाइड नसतील तर हीच क्षमता प्राइमरची टोके कुरतडू लागते. टॅक पॉलिमरेज या कामाला वापरू नये: त्याच्या चुकांचे प्रमाण पीएफयूच्या अनेक पट असते, आणि ते धाग्याच्या टोकाला एक जादा ए जोडते.

याच वेळी दुसऱ्या नळीत हेच सारे मिश्रण पॉलिमरेजशिवाय लावा आणि पहिल्या नळीबरोबर सर्व पायऱ्यांतून न्या. हे नियंत्रण अनेक जण वेळ वाचवण्यासाठी गाळतात. ते गाळले, तर शेवटच्या प्लेटवर आलेल्या वसाहतींचा अर्थ लावता येत नाही.

यंत्राचा कार्यक्रम असा: ९५ अंशांवर १ मिनिट, त्यानंतर ९५ अंशांवर ३० सेकंद, ५५ अंशांवर १ मिनिट आणि ६८ अंशांवर दर हजार बेसला २ मिनिटे, म्हणजे पी-ग्लोसाठी ११ मिनिटे. अशी १६ चक्रे पुरतात. यात साडेतीन तासांच्या आसपास जातात, त्यामुळे जेथे वीज जाण्याचा भरवसा नाही तेथे यंत्र यूपीएसवर असल्याची खात्री करून घ्या. फ्यूजन किंवा क्यू-५ यांसारखे वेगवान पॉलिमरेज असल्यास दर हजार बेसला २० ते ३० सेकंद आणि ७२ अंश पुरतात. मात्र बफर आणि तापमाने त्या-त्या पॉलिमरेजच्या सूचनापत्रानुसार घ्यावीत.

चक्रे वाढवण्याचा मोह टाळा. या पद्धतीत तयार झालेल्या नव्या धाग्यांची टोके प्राइमरच्या जागेवरच असतात, त्यामुळे ते पुढच्या चक्रात टेम्पलेट म्हणून उपयोगी पडत नाहीत. प्रती घातांकी पद्धतीने नव्हे, तर सरळ रेषेत वाढतात. ३० चक्रांनी फायदा थोडा आणि अनाहूत चुकांचा धोका अधिक.

पाचवी पायरी: डीपीएन-१

नळी थंड झाल्यावर दोन्ही नळ्यांत थेट १ मायक्रोलीटर, म्हणजे १० ते २० एकक, डीपीएन-१ घाला. बफर बदलण्याची गरज नसते. पिपेटने हळुवार वर-खाली करून नीट मिसळा, कारण ग्लिसरॉलमधील हे एन्झाइम जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते आणि वरचा द्रव तसाच राहतो. ३७ अंशांवर एक तास ठेवा. हवे असल्यास ८० अंशांवर २० मिनिटे ठेवून एन्झाइम निष्क्रिय करा.

यातील ५ मायक्रोलीटर १ टक्का ॲगारोज जेलवर चालवून पाहता येईल. पट्टी दिसली तर उत्तम, पण न दिसणे म्हणजे अपयश नव्हे. रेषीय वाढीमुळे उत्पादन अनेकदा डोळ्यांना दिसण्याइतके नसते आणि तरीही वसाहती येतात. केवळ जेल कोरे निघाले म्हणून नळी फेकून देऊ नये.

सहावी पायरी: ट्रान्सफॉर्मेशन (प्लाज्मिड जीवाणूच्या पेशीत घालणे)

आता नळीत आहेत ती गोलाकार प्लाज्मिडे, ज्यांच्या दोन्ही धाग्यांत एकेक खंड आहे. ते जोडण्यासाठी लायगेज लागत नाही. पेशीत गेल्यावर ई. कोलायची स्वतःची दुरुस्ती-यंत्रणा ते काम करते.

कॉम्पिटंट पेशींची, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकतील अशा केलेल्या जीवाणूंची, ५० मायक्रोलीटरची नळी बर्फावर वितळू द्या. हाताच्या उबेने वितळवू नका. त्यात २ मायक्रोलीटर डीपीएन-१ प्रक्रिया केलेले मिश्रण घालून बोटाने हलकेच टिचकी मारा, बर्फावर ३० मिनिटे ठेवा, ४२ अंशांच्या पाण्यात ३० ते ४५ सेकंद धरा आणि पुन्हा २ मिनिटे बर्फावर ठेवा. पाण्याचे तापमान यंत्रावरच्या आकड्यावरून नव्हे, तर पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरवरून घ्या. मग एसओसी किंवा एलबी माध्यम घालून ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवा, जेणेकरून ॲम्पिसिलीन-रोधक प्रथिन तयार व्हायला अवधी मिळेल. त्यानंतर पेशी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर ॲम्पिसिलीन आणि ०.२ टक्के अरॅबिनोज असलेल्या ॲगारवर पसरवा.

पेशींची क्षमता दर मायक्रोग्रॅमला किमान एक कोटी वसाहती एवढी हवी. दहा कोटी असल्यास निर्धास्त राहता येते. ती मोजण्यासाठी वेगळ्या नळीत पीयूसी-१९ हे प्लाज्मिड १० पिकोग्रॅम घाला आणि सर्व पेशी पसरवा. १०० वसाहती आल्या, तर क्षमता एक कोटी. घरी बनवलेल्या पेशी अनेकदा या कसोटीला उतरत नाहीत, आणि मग दोष प्राइमरवर जातो.

प्लेटा वाचणे

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन प्लेटा शेजारी ठेवून पाहा: मुख्य अभिक्रियेची, पॉलिमरेज नसलेल्या नळीची आणि पीयूसी-१९ ची.

मुख्य प्लेटवर वसाहती आहेत, पॉलिमरेज नसलेलीवर नाहीत किंवा मोजक्याच आहेत, तर प्रयोग साधला असण्याची शक्यता मोठी. दोन्हींवर सारख्याच भरपूर असतील, तर मूळ प्लाज्मिड कापले गेलेले नाही: टेम्पलेट जास्त पडले, डीपीएन-१ नीट मिसळले नाही किंवा प्लाज्मिड डॅम नसलेल्या वाणातून आले. मुख्य प्लेट कोरी आणि पीयूसी-१९ ची भरलेली असेल, तर पेशी ठीक आहेत आणि दोष अभिक्रियेत आहे. पीयूसी-१९ ची प्लेटही कोरी असेल, तर बाकी कशाचाही विचार करण्याआधी पेशी आणि ॲम्पिसिलीन तपासा. प्लेटा फार काळ ठेवल्यास मोठ्या वसाहतींभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक वसाहती उगवतात. त्या परिसरातील ॲम्पिसिलीन नष्ट झाल्यामुळे जगलेल्या, प्लाज्मिड नसलेल्या पेशी असतात. त्या उचलू नयेत.

जीएफपी घेतल्याचा फायदा आता मिळतो. प्लेट अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली, डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून पाहा. मूळ रूपाच्या वसाहती ठळक हिरव्या चमकतात. निळ्या रूपाचा प्रकाश मुळातच मंद असतो आणि दिव्याखाली लवकर विझतो, म्हणून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा आणि दिवा थोडाच वेळ लावा. काही वसाहती मुळीच चमकणार नाहीत. त्यांत बहुधा प्राइमरच्या जागी एखादा बेस गळून वाचनचौकट सरकलेली असते, किंवा प्राइमर पाठोपाठ दोनदा घुसलेला असतो; पूरक प्राइमरांच्या पद्धतीतील हा ओळखीचा दोष आहे.

सिक्वेन्सिंग

निळसर दिसणाऱ्या तीन-चार वसाहती उचलून रात्रभर वाढवा, प्लाज्मिड काढा आणि सँगर पद्धतीच्या सिक्वेन्सिंगला द्या. फक्त बदललेली जागा वाचून थांबू नका. संपूर्ण जनुकाची प्रत यंत्रात निघाली आहे, त्यामुळे थांबा-कोडॉनसह जनुकाचे सर्व बेस वाचायला हवेत. सिक्वेन्सिंगचे पहिले ३० ते ५० बेस अस्पष्ट येतात, म्हणून वाचनाचा प्राइमर जनुकाच्या पुरेसा अलीकडे असावा, आणि शक्य असल्यास दोन्ही दिशांनी वाचन घ्यावे.

अहवालातील नुसती अक्षरे न पाहता आलेखातील शिखरे पाहा. बदलाच्या जागेवर सी आणि टी अशी दोन शिखरे एकावर एक दिसली, तर त्या वसाहतीत मूळ आणि बदललेले अशी दोन्ही प्लाज्मिडे आहेत. अशा वेळी त्याच प्लाज्मिडचे अगदी थोड्या प्रमाणात पुन्हा ट्रान्सफॉर्मेशन करून नव्या वसाहती घेतल्या की दोन्ही वेगळी होतात. क्रम बरोबर निघालेली वसाहत १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा आणि नळीवर प्लाज्मिडचे नाव, बदल आणि तारीख लिहा. जीएफपीचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेत 'म्युटंट-१' अशी चिठ्ठी लावलेल्या नळ्या वर्षभरात कोणालाच ओळखता येत नाहीत.

बेत फसल्यास

वसाहती येतच नसतील, तर पुढचे बदल एका वेळी एकच करून पाहावेत. चिकटण्याचे तापमान ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान उतरत्या क्रमाने तपासावे, जी-सी जास्त असलेल्या भागासाठी ३ ते ५ टक्के डीएमएसओ घालावे, किंवा टेम्पलेट पुन्हा ताजे काढावे. दोन फेऱ्यांत काम झाले नाही, तर त्याच प्राइमरांवर वेळ घालवण्यापेक्षा पद्धत बदलावी.

पूरक प्राइमरांचे मूळ दुखणे हे की ते टेम्पलेटपेक्षा एकमेकांनाच अधिक आवडीने चिकटतात. यावर एक उपाय म्हणजे अंशतः पूरक प्राइमर: पाच-प्राइम बाजूचा भाग परस्परांशी जुळणारा, आणि तीन-प्राइम टोक फक्त टेम्पलेटशी जुळणारे. दुसरा उपाय, आणि मला स्वतःला अधिक पसंत असलेला, म्हणजे पाठीला पाठ लावून उलट दिशांना जाणारे, एकमेकांवर न चढणारे दोन प्राइमर. बदल त्यांपैकी एकातच असतो, प्रती घातांकी पद्धतीने वाढतात, आणि उत्पादन जेलवर स्पष्ट दिसते. फक्त ते रेषीय असल्यामुळे त्याच्या टोकांना कायनेजने फॉस्फेट लावून लायगेजने जोडावे लागते. क्यू-५ च्या संचात ही दोन्ही एन्झाइमे आणि डीपीएन-१ एकत्रच मिळतात. काही बेस गाळायचे असतील किंवा नवे घालायचे असतील, तर सुरुवातीपासून हीच रीत घ्यावी.

भारतात पुनःसंयोजित डीएनएचे काम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ च्या नियमांच्या कक्षेत येते, म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे प्रकल्पाची नोंद आहे का, हे मार्गदर्शकांना विचारून घ्या. वापरलेल्या प्लेटा आणि माध्यमे १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नयेत.

एकदा हा एक बदल हाती लागला की पुढचा स्वाभाविक प्रयोग म्हणजे एकाच जागेवर वीसही अमिनो आम्ले आणून पाहणे. त्यासाठी प्राइमरमध्ये त्या कोडॉनच्या जागी एनएनके लिहून मागवायचे. एन म्हणजे चारांपैकी कोणताही बेस, के म्हणजे जी किंवा टी. यातून ३२ कोडॉन तयार होतात, त्यांत सर्व अमिनो आम्ले येतात आणि थांबा-कोडॉन फक्त एक, टीएजी, उरतो. सर्व कोडॉन सारख्या प्रमाणात आले असे धरले, तर कोणताही एक ठरावीक कोडॉन सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर नेण्यासाठी साधारण ९५ वसाहती तपासाव्या लागतात. ९६ खोबणींची एक प्लेट त्याला पुरते, आणि शेवटच्या खोबणीत मूळ रूप नियंत्रण म्हणून बसते.